जोडीदाराला अमेरिकेत नेण्याची पात्रता

पती किंवा पत्नीला कायम वास्तव्यासाठी अमेरिकेत बोलावण्याचा हक्क अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच आहे. एच-1बी व्हिसावर गेलेला सातारा-सांगलीचा अभियंता पत्नीला एच-4वर सोबत नेऊ शकतो, मात्र तिचा प्रायोजक होऊ शकत नाही. स्थळ पाहताना हा फरक विचारून घेतलेला बरा. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा लागू नाही, ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला आहे. प्रायोजक किमान 18 वर्षांचा आणि अमेरिकेत वास्तव्य असलेला हवा. त्याचे उत्पन्न साधारणपणे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के लागते. कमी पडल्यास संयुक्त प्रायोजक चालतो.

लग्नपत्रिका आणि फोटो पुरेसे नाहीत, विवाहनोंदणीचा दाखला हवा. महाराष्ट्रात 1998च्या कायद्यानुसार तो गावी ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका वा महापालिकेत मिळतो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रूढीने वैध ठरते. पण अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा लग्नाला मनाई असल्याने जोडपे कोणत्या राज्यात राहणार, हेही पाहिले जाते.

अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरते सशर्त मिळते.