इंदूर : तीन अक्षरे, पाच चिन्हे, पंधरा बाइट

‘इंदूर’ या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी ती पाच चिन्हे असतात : इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार आणि र. हीच चिन्हे यूटीएफ-8 पद्धतीने फाइलमध्ये साठवली की त्यांचे 15 बाइट होतात. तीन, पाच आणि पंधरा हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. पण कोणता आकडा कुठे लागू होतो हे ठाऊक नसले, तर नवशिक्याचा प्रोग्राम गावाचे नाव अर्धवट छापतो, नाहीतर त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी करतो.

इंदूर हे शिकणाऱ्यांचे शहर आहे. श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रविज्ञान संस्था येथे 1952 साली सुरू झाली, विद्यापीठ 1964 साली आले, आयआयटी 2009 साली. भंवरकुआँ परिसरात क्लासांची दाटी आहे आणि मध्य प्रदेशात डीसीए, पीजीडीसीए हे अभ्यासक्रम लहान गावांपर्यंत पोहोचले आहेत. यांतल्या कितीतरी मुलामुलींचा पहिला खरा प्रोग्राम डेस्कटॉपवर चालणारा असतो. सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्याची बिले काढणारा, क्लासची फी नोंदवणारा, एखाद्या वाचनालयाची पुस्तके सांभाळणारा. असा प्रोग्राम लिहिताना ज्या अडचणी येतात, त्या इंदुरात आणि ऑस्लोत सारख्याच असतात. त्या आकाशातून पडत नाहीत. बहुतेक अडचणींच्या मुळाशी कोणीतरी, कधीतरी, विचार करून घेतलेला एक निर्णय असतो. तो निर्णय समजला की त्या जातीच्या सगळ्या चुका एकदम आवाक्यात येतात.

वाट पाहणारा प्रोग्राम

कॉलेजात शिकवलेला पहिला प्रोग्राम वरून खाली चालतो आणि संपतो. डेस्कटॉपवरचा प्रोग्राम तसा नसतो. तो सुरू होतो आणि वाट पाहत बसतो. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 1973 साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. पडद्यावरची चित्रे आणि माउस यांच्या आधारे काम करण्याची आजची पद्धत तिथे आकाराला आली. ती 1984 साली मॅकिंटॉशने आणि 1985 साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीने लोकांच्या टेबलावर आणली. या पद्धतीत पुढे काय घडणार हे वापरणारा ठरवतो. त्याने बटण दाबले, की ऑपरेटिंग सिस्टिम त्याचा एक संदेश त्या प्रोग्रामच्या रांगेत टाकते. माउसचे बटण खाली गेले हा एक संदेश, वर आले हा दुसरा. दुसरी खिडकी बाजूला झाली, आता स्वतःला पुन्हा रंगव, हाही एक संदेशच. प्रोग्राम एकेक संदेश उचलतो, त्याचे काम करतो आणि पुढच्याकडे वळतो.

पोहे-जिलेबीच्या दुकानात गल्ल्यापासून कढईपर्यंत सगळे सांभाळणारा एकच माणूस असावा, तशी ही व्यवस्था असते. तो गोदामात पोत्यांची मोजणी करायला गेला, की समोरची गिऱ्हाइके खोळंबतात. ‘माझा प्रोग्राम गोठतो’ ही नवशिक्यांची सर्वांत मोठी तक्रार अशीच जन्माला येते. बटणाच्या कोडमध्ये दहा हजार बिलांची बेरीज लिहिलेली असते. ती चालू असेपर्यंत रांगेतला एकही संदेश उचलला जात नाही. पाच सेकंद असेच गेले, की विंडोज त्या खिडकीला प्रतिसाद न देणारी ठरवते आणि तिच्या शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे लिहिते. प्रोग्राम मेलेला नसतो, तो कामात असतो.

यावर उपाय असा, की लांबणारे काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्रामातल्या कामाच्या दुसऱ्या धाग्यावर, द्यायचे आणि मुख्य थ्रेड संदेशांसाठी मोकळा ठेवायचा. इथे दुसरा नियम आडवा येतो. पडद्यावरची चौकट ज्या थ्रेडने बनवली, त्यानेच तिला हात लावायचा. जावाच्या स्विंगमध्ये, डॉटनेटमध्ये, नॉर्वेत घडलेल्या क्यूटीमध्ये, सगळीकडे हाच दंडक आहे. डॉटनेटच्या 2005 सालच्या आवृत्तीपासून हा नियम मोडला की डीबग करताना तिथल्या तिथे एरर येते. नवशिक्याला ती छळवणूक वाटते. खरे तर पूर्वी हीच चूक गुपचूप राहायची आणि ऐन गर्दीच्या वेळी प्रोग्राम पाडायची. 2012 साली सी-शार्प भाषेत ‘एसिंक’ आणि ‘अवेट’ हे शब्द आले आणि ही सगळी देवघेव दोन शब्दांत लिहिता येऊ लागली.

व्हिज्युअल बेसिकच्या जुन्या पुस्तकांत ‘डूइव्हेंट्स’ नावाची एक सोय सांगितलेली असते. ती मधेच थांबून रांगेतले संदेश उरकून घेते. त्यामुळे खिडकी गोठत नाही, पण वापरणारा ‘सेव्ह’चे बटण पुन्हा दाबू शकतो आणि एकच बिल दोनदा नोंदले जाते. ही सोय वापरायचीच असेल, तर काम सुरू होताच ते बटण बंद करावे आणि संपल्यावर उघडावे.

एका तिरप्या रेघेची गोष्ट

भारतातल्या संगणक-शिक्षणात ‘टर्बो सी’ला विशेष स्थान आहे. बोरलँड कंपनीने सी भाषेचा हा कंपायलर 1987 साली बाजारात आणला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने सी भाषा देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली, तेव्हा बहुतेकांच्या पडद्यावर टर्बो सीचीच निळी चौकट होती. त्यात पहिले वर्तुळ काढायला गेलेल्यांना एक एरर हमखास भेटे : ग्राफिक्स सुरूच झालेले नाही.

कारण जवळून पाहण्यासारखे आहे. चित्रे काढणाऱ्या फाइली ‘सी’ ड्राइव्हवर ‘टीसी’ फोल्डरमधल्या ‘बीजीआय’ फोल्डरमध्ये असत. विद्यार्थी हा पत्ता अवतरणात जसाच्या तसा लिही. पण सी भाषेत बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून ‘टी’ आला, की त्याचा अर्थ टॅब. बॅकस्लॅश आणि ‘बी’ म्हणजे एक घर मागे जाणे. म्हणजे लिहिलेल्या पत्त्यात ‘टीसी’चा टी गायब, ‘बीजीआय’चा बी गायब, आणि मधे दोन न दिसणारी चिन्हे. असा फोल्डर जगात कुठेच नसतो. बॅकस्लॅश दोनदा लिहिला की वर्तुळ उमटते.

हे घडले दोन निर्णयांच्या टकरीतून. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास सी भाषा घडवली, तेव्हा युनिक्समध्ये फोल्डर वेगळे करायला साधा स्लॅश होता, म्हणून बॅकस्लॅश विशेष चिन्हांसाठी मोकळा होता. एमएस-डॉसमध्ये फोल्डर आले ते 1983 साली, दुसऱ्या आवृत्तीत. तोवर तिथे साधा स्लॅश आज्ञांचे पर्याय लिहिण्यासाठी वापरात होता, म्हणून फोल्डरांच्या वाट्याला बॅकस्लॅश आला. टर्बो सी मागे पडले तरी टक्कर चालूच आहे. पायथॉन शिकणारा आज ‘युझर्स’ फोल्डरचा पत्ता लिहितो आणि बॅकस्लॅशला चिकटलेल्या मोठ्या ‘यू’मुळे युनिकोडसंबंधी एरर पाहून चक्रावतो. साधा स्लॅश लिहिला तरी विंडोज बहुतेक ठिकाणी तो मान्य करते. त्याहून चांगले म्हणजे पत्ते जोडण्यासाठी भाषेत दिलेले तयार फंक्शन वापरावे.

टर्बो सी नव्या लॅपटॉपवर चालत नाही यालाही असेच कारण आहे. तो 16 बिटांचा डॉस प्रोग्राम आहे आणि 64 बिटांच्या विंडोजमधून तसे प्रोग्राम चालवणारा भाग काढून टाकलेला आहे. लॅपटॉप बिघडलेला नसतो. डॉसचे सोंग घेणारे डॉसबॉक्स वापरून जुना अभ्यास पुरा करता येतो, पण नव्याने शिकणाऱ्याने आजचा कंपायलर घ्यावा हे बरे. टर्बो सीमध्ये पूर्णांकाची मर्यादा 32,767 आहे. तिथे 200 गुणिले 200 केले तर उत्तर 40,000 येत नाही, उणे 25,536 येते.

देवनागरीचे तीन बिघाड

जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती 1991 साली आली. त्यात देवनागरीला 128 जागांचा पट्टा मिळाला. त्याआधी पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालच्या ‘जिस्ट’ने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या होत्या. 1991 सालीच इस्की हे भारतीय मानकही ठरले आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या वळणावर बेतली गेली. 1992 साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत यूटीएफ-8 ची रचना केली. त्या रचनेत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पहिला बाइट नेहमी 224, दुसरा 164 किंवा 165. ‘इंदूर’मधला इ म्हणजे 224, 164, 135 आणि दीर्घ उकार म्हणजे 224, 165, 130.

एवढे कळले की पडद्यावरचा बिघाड नुसत्या नजरेने ओळखता येतो. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या, तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मंगल किंवा निर्मला हा फॉन्ट निवडावा. डोक्यावर रेघ असलेला युरोपीय ‘ए’ आणि येनचे चिन्ह असा गोंधळ दिसला, तर 224 आणि 165 हे बाइट सुटे वाचले गेले आहेत. मजकूर अजूनही शाबूत आहे, फाइल यूटीएफ-8 म्हणून उघडावी. पण नुसती प्रश्नचिन्हे आली, तर देवनागरी माहीत नसलेल्या जुन्या संकेतात मजकूर बदलला गेला आहे आणि तो गेला. तशी फाइल चुकूनही सेव्ह करू नये, मूळ प्रत शोधावी.

व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये प्रश्नचिन्हे का येत, तेही यावरून कळते. ती भाषा आतून युनिकोड साठवते, पण तिच्या मजकुराच्या चौकटी जुन्या संकेतावर चालतात आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसा जुना संकेत कधी दिलाच गेला नाही. म्हणून त्या काळात कृतीदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टांवर काम चाले. तिथे साठवलेली अक्षरे रोमन असत आणि दिसत देवनागरी. 1999 साली ‘वेबदुनिया’ हे हिंदी पोर्टल इंदुरातून सुरू झाले, त्या दिवसांत भारतीय भाषांत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा पेच सोडवावा लागे. जुनी कृतीदेव यादी नव्या प्रोग्रामात घ्यायची, तर नुसता फॉन्ट बदलून भागत नाही, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

आणि सुरुवातीचा अर्धवट नावाचा प्रश्न? रकान्याला 10 बाइटांची मर्यादा दिली, तर ‘इंदूर’ची पहिली तीन चिन्हे नऊ बाइटांत बसतात आणि उकाराचा एकच बाइट आत येतो. नाव ‘इंद’वर तुटते आणि शेपटाला एक निरर्थक खूण राहते. मर्यादा चिन्हांत मोजावी आणि सढळ ठेवावी.

तारीख आणि पैसा

बिलाच्या प्रोग्रामात काही चुका लपून बसतात. ॲक्सेसच्या डेटाबेसला क्वेरीत लिहिलेली तारीख अमेरिकी क्रमाने, म्हणजे आधी महिना, वाचायची सवय आहे. 5 जून 05/06 असे लिहिले, तर तो 6 मे समजतो. पण 13/06 आले, की तेरावा महिना नसल्याने तो निमूटपणे दिवस आणि महिना यांची अदलाबदल करतो. त्यामुळे हिशेब महिन्याच्या 12 तारखेपर्यंत चुकतो आणि 13 पासून बरोबर येतो. शिक्षकांना दाखवायचा दिवस 20 तारखेचा असला, तर चूक सापडतच नाही. क्वेरीला तारीख मजकूर म्हणून न देता पॅरामीटर म्हणून द्यावी, म्हणजे क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

पैशाचेही तसेच. दशांश अपूर्णांक साठवण्याचे मानक 1985 साली ठरले आणि ते दोनाच्या पायावर आहे. एक दशांश ही संख्या त्या पायावर पूर्ण लिहिता येत नाही, जशी एक तृतीयांश आपल्याला दशांशात लिहिता येत नाही. ‘डबल’ प्रकारात 0.1 दहा वेळा मिळवले, तर बेरीज 1 येत नाही, 0.9999999999999999 येते. रुपये-पैशांसाठी ‘डेसिमल’ किंवा ‘करन्सी’ प्रकार घ्यावा, नाहीतर सगळा हिशेब पैशांतल्या पूर्णांकांनी करावा. शिवाय व्हिज्युअल बेसिकचे ‘राउंड’ 2.5 चे 2 करते आणि 3.5 चे 4, कारण ते अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते. व्यापाऱ्याच्या हातच्या बेरजेशी जीएसटीची रक्कम जुळत नसेल, तर आधी इथे पाहावे.

दुसऱ्याच्या संगणकावर

‘माझ्याकडे चालत होता’ हे वाक्य प्रत्येक नवशिक्या एकदा तरी उच्चारतो. विंडोज व्हिस्टा 2007 साली आले तेव्हापासून ॲडमिनच्या खात्यातला प्रोग्रामही खास परवानगीशिवाय ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्ये लिहू शकत नाही. हा निर्णय व्हायरसांपासून बचावासाठी होता. शिकणाऱ्याच्या घरी प्रोग्राम त्याच्याच फोल्डरमधून चालतो, पण दुकानात तो डेटाबेससकट तिथे बसवला की अडतो. डेटा वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये ठेवावा. फाइलचे नुसते नाव देऊ नये, पूर्ण पत्ता द्यावा, कारण शॉर्टकटवरून उघडलेल्या प्रोग्रामचा चालू फोल्डर वेगळा असू शकतो. डॉटनेटची आवृत्ती, 32 की 64 बिट, डेटाबेसचा ड्रायव्हर या तीन गोष्टी दुकानात जाण्याआधी कागदावर उतरवून घ्याव्यात.

राहतो प्रश्न, पुस्तकात नसलेली एरर आली तर काय करावे. एररचा मजकूर पूर्ण वाचावा, त्यात फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक बहुधा असतो. त्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम तिथे थांबवणारी खूण, लावून चलांच्या किमती डोळ्यांनी पाहाव्यात. मग तीच चूक दाखवणारा दहा ओळींचा वेगळा प्रोग्राम लिहावा. बऱ्याचदा तो लिहितानाच कारण सापडते. नाही सापडले, तर तो दहा ओळींचा प्रोग्राम दुसऱ्याला दाखवावा. हजार ओळी वाचायला कोणाला वेळ नसतो, दहा ओळी कोणीही आपुलकीने वाचतो. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची नोंद ठेवावी.

बॅकस्लॅश असो, बाइट असो की तारखेचा क्रम, या गोष्टी माणसांनी ठरवल्या आहेत, म्हणून त्या माणसाला समजू शकतात. इंग्रजी एरर पाहून ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे मानून मागे फिरणाऱ्या मुलांना हे कोणीतरी वेळेवर, त्यांच्या भाषेत सांगायला हवे. त्यांची बुद्धी कमी पडलेली नसते. त्यांना फक्त त्या निर्णयाची माहिती नसते, आणि माहिती देता येते.