एका चाकावरची लांबची बैठक

एकचाकी सायकलला हँडल नसते, त्यामुळे स्वाराचे वजन पेलायला सीट आणि पेडल या दोनच जागा उरतात. नेहमीच्या सायकलवर स्वार पुढे झुकून थोडा भार हातांवर घेतो आणि उतार लागला की पाय थांबवून सीटवरून क्षणभर उठतो. एकचाकीवर ही सोय नाही. तिचे क्रँक थेट चाकाच्या आसावर बसवलेले असतात; मध्ये ना साखळी, ना फ्रीव्हील. चाक फिरते तोवर पाय फिरतच राहतात, आणि तोल सांभाळायचा तर धड ताठ ठेवून वजन सीटवर सोडावे लागते. सर्कशीतल्या दहा मिनिटांच्या कसरतीत याचा त्रास जाणवत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरच्या फेरीत मात्र पायांत दम शिल्लक असतानाही सीटपायी खाली उतरण्याची वेळ येते.

पल्ला किती मोठा?

एकचाकीवरून लांबचा प्रवास ही वाटते तितकी अलीकडची गोष्ट नाही. १९८५ साली हान्स पीटर बेक यांनी ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंडपासून मेलबर्नपर्यंतचे ६,२३७ किलोमीटर ५२ दिवसांच्या आत कापले. म्हणजे रोज सरासरी १२० किलोमीटर. २००७ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे सॅम वेकलिंग यांनी २४ तासांत ४५३.६ किलोमीटर अंतर तोडले. २००८ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात ‘राइड द लॉबस्टर’ ही सुमारे ८०० किलोमीटरची, अनेक टप्प्यांची सांघिक शर्यत झाली. २०१५ ते २०१८ या काळात इंग्लंडच्या एड प्रॅट यांनी ३६ इंची चाकावरून जगप्रदक्षिणा पूर्ण केली.

हे ३६ इंची चाक अमेरिकेतील कोकर टायर कंपनीमुळे रुळले. त्याचा परीघ सुमारे २.८७ मीटर भरतो. गिअर नसलेल्या एकचाकीत पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणून शंभर किलोमीटरसाठी सुमारे ३५,००० फेरे मारावे लागतात. शिकाऊ स्वाराच्या २४ इंची चाकावर हाच आकडा ५२,००० च्या पुढे जातो. प्रत्येक फेऱ्यात दोन्ही मांड्या सीटच्या कडांना एकेकदा घासून जातात. सीटमधला किरकोळ दोष लांबच्या पल्ल्यात असह्य होतो, त्यामागे हा हिशेब आहे.

दुखण्याचे तीन प्रकार

‘सीट टोचते’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

पहिले दुखणे हाडांचे. माणूस बसतो तेव्हा कमरेच्या सांगाड्याच्या तळाशी असलेली दोन हाडे भार पेलतात. सीट अरुंद असली किंवा मध्ये फार खोलगट असली, तर ही हाडे कडेवर येतात किंवा अधांतरी राहतात. नव्या स्वाराला हाडांपाशी होणारा ठणका पहिल्या काही आठवड्यांत सरावाने कमी होतो.

दुसरे दुखणे दाबाचे. दोन्ही हाडांच्या मधल्या आणि पुढच्या मऊ भागातून नसा व रक्तवाहिन्या जातात. भार तिथे पडला की मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. ही सवयीने जाणारी गोष्ट नव्हे. बधिरपणा जाणवताच उतरावे. तो उतरल्यावरही तासन्‌तास टिकत असेल किंवा वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

तिसरे दुखणे घर्षणाचे. मांडीची आतली बाजू व जांघ सीटला, शिवणीला किंवा ओल्या कापडाला घासून सोलवटते, केसांच्या मुळांशी पुळ्या येतात. याचा संबंध सीटच्या रुंदीशी, उंचीशी आणि कपड्यांशी असतो, फोमशी कमी.

आकार

एकचाकीची पारंपरिक सीट केळ्यासारखी वाकडी असते: पुढचे आणि मागचे टोक उचललेले, मध्यभाग खाली. जपानच्या मियाता कंपनीच्या सीटचा हाच घाट होता आणि पुढे अनेकांनी तो उचलला. या वाकाचा उपयोग आहे. सीट मांड्यांमध्ये पक्की राहते, पुढेमागे निसटत नाही, आणि शिकणाऱ्याला तिचा आधार वाटतो. लांब पल्ल्यात मात्र हाच वाक अडचणीचा ठरतो. स्वार एकाच खळग्यात अडकतो, बसण्याची जागा बदलता येत नाही आणि उचललेले पुढचे टोक मऊ भागावर दाबत राहते.

म्हणून लांबच्या प्रवासासाठी बहुतेक अनुभवी स्वार चपट्या सीटकडे वळतात. कॅनडाचे क्रिस होम यांच्या नावाने निघणाऱ्या एकचाक्यांच्या मालिकेत ‘फ्यूजन झीरो’ ही कमी फोमची, चपटी सीट मिळते. चपट्या सीटवर इंच-दोन इंच पुढेमागे सरकता येते. ठरावीक अंतरानंतर एवढे सरकले, तरी दाबाची जागा बदलते आणि आधीच्या जागी रक्तप्रवाह पूर्ववत होतो.

रुंदीचे गणित दुहेरी आहे. मागचा भाग दोन्ही हाडांना पूर्ण टेकू देईल इतका रुंद हवा. मधला आणि पुढचा भाग मांड्या मोकळ्या फिरतील इतका निमुळता हवा. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधले अंतर साधारणपणे अधिक असते, त्यामुळे त्यांना मागे रुंद सीट सोयीची पडते. तरीही माणसागणिक फरक मोठा असतो. जाड पुठ्ठ्यावर काही मिनिटे बसून उठलेल्या दोन खळग्यांमधले अंतर मोजले, तर आपल्या मापाचा अंदाज येतो.

काही सीटमध्ये मधोमध लांबट खाच असते. बधिरपणाची तक्रार असलेल्यांना ती उपयोगी पडते. खाच फार रुंद असली तर मात्र तिच्या कडाच टोचू लागतात.

फोम, जेल आणि हवा

दुकानात अंगठ्याने दाबून सर्वांत मऊ सीट निवडणे ही नेहमीची चूक आहे. मऊ, जाड फोम पहिल्या अर्ध्या तासात सुखावतो. पुढे हाडे त्यात रुततात, हाडांखालचा फोम दबून जातो आणि बाजूचा फोम वर येऊन नेमका मऊ भागावर दाबतो. टणक, पातळ फोम सुरुवातीला कठीण वाटतो, पण भार हाडांवरच ठेवतो. शिवाय जाड फोमवर दर फेऱ्याला सीट दबते व वर येते. ती हालचाल तोल साधण्यात अडथळा आणते आणि घर्षणही वाढवते.

जेलचा पातळ थर रस्त्याची बारीक थरथर शोषतो. त्याचे वजन अधिक असते, आणि उन्हात उभी ठेवलेली सीट तापते. थोड्या अंतरासाठी जेल बरे. दिवसभराच्या प्रवासात फोमपेक्षा त्याचा फायदा फार नसतो.

हवेची सीट हा स्वारांनी घरी घडवलेला उपाय आहे. फोम काढून त्या जागी लहान मुलांच्या सायकलची ट्यूब घडी घालून बसवतात आणि वरून आवरण ताणतात. हवा कमीजास्त करून कडकपणा हवा तसा ठेवता येतो. ट्यूब गच्च भरली की सीट गोल फुगते आणि स्वार डोलू लागतो. हवा कमी पडली की तळाचे प्लॅस्टिक लागते. ट्यूब पंक्चर होण्याची शक्यताही धरावी लागते. चपटे फोम मिळू लागल्यावर हा प्रकार मागे पडला, पण अजूनही काहींना तोच मानवतो.

फोम हवा तसा तासून घेण्याचीही रीत आहे. आवरण सोडवून पुढच्या टोकाचा उंचवटा थोडाथोडा कापतात आणि दरवेळी फेरी मारून पाहतात. कापलेला फोम परत जोडता येत नाही, म्हणून घाई टाळावी.

आवरण आणि तळ

आवरणाची शिवण मांडीच्या वाटेत येता कामा नये. डोंगरवाटांवर सीट पकडून ठेवणारे खरखरीत कापड उपयोगी असते. लांब पल्ल्यात गुळगुळीत आवरण बरे, कारण चड्डी त्यावरून सरकते आणि घर्षण कातडीपर्यंत पोचत नाही. पावसाळी प्रदेशात पाणी न शोषणारे आवरण हवे, नाहीतर भिजलेला फोम तासन्‌तास ओला राहतो.

फोमखालचा तळ बहुधा प्लॅस्टिकचा असतो. तो वाकत असेल तर सीट मधोमध खचते. म्हणून चांगल्या सीटच्या तळाला पोलादी पट्टीचा आधार असतो, किंवा तळ कार्बन फायबरचा असतो. दोन्ही टोकांना बंपर असावे लागतात, कारण स्वार उतरला किंवा पडला की सीट जमिनीवर आपटतेच.

नेहमीच्या सायकलची सीट

काही स्वार दुचाकी सायकलची सीट लावतात. एकचाकीची सीट तळाशी चार बोल्टनी बसते, तर सायकलच्या सीटला खाली दोन समांतर सळ्या असतात. त्यामुळे वेगळा जोड घ्यावा लागतो. आकारांची विविधता आणि कोन बदलण्याची सोय हे तिचे फायदे. पण या सीट पुढे झुकलेल्या स्वारासाठी घडवलेल्या असतात. ताठ बसणाऱ्याचा भार मागे पडतो, म्हणून शर्यतीच्या अरुंद सीटपेक्षा मागे रुंद सीट निवडावी. बंपर नसल्याने ती लवकर खराब होते, आणि धरायला मूठ नसते. ती वेगळी जोडावी लागते.

हँडल

लांबच्या प्रवासात सीट बदलण्याइतकाच फरक हँडलने पडतो. सीटच्या पुढच्या टोकाला मूठ असतेच. त्यापुढे टी-आकाराचा दांडा जोडला की स्वार किंचित झुकून काही भार हातांवर घेऊ शकतो. मऊ भागावरचा दाब हलका होतो आणि वाऱ्याचा अडथळाही घटतो. चढावर पेडलवर उभे राहताना हाच दांडा वर खेचून जोर लावता येतो. ब्रेकची मूठ सीटखाली किंवा या दांड्यावर बसवतात. उतारावर वेग आवरण्याचे काम ब्रेकने केले, की मांड्या आखडत नाहीत आणि सीटवर घट्ट दाबून बसावे लागत नाही. दांड्यावर रेलल्याने सीटच्या तळावर ताण येतो, म्हणून तळ कडक असणे इथे आवश्यक ठरते.

उंची, कोन, क्रँक

चांगली सीट चुकीची लावली तर वाईट ठरते. उंची ठरवताना टाच पेडलवर ठेवून पेडल तळाशी न्यावे. पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट जास्त उंच झाली तर प्रत्येक फेऱ्यात कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि जांघा सोलवटतात. फार खाली ठेवली तर गुडघे दुखतात आणि पायांवर भार घेता येत नाही. सीट ज्यावर बसते त्या दांड्याचे व्यास वेगवेगळे असतात, २२.२, २५.४ आणि २७.२ मिलिमीटर ही प्रचलित मापे. नवा दांडा फ्रेमच्या मापाचा आहे का, ते आधी पाहावे.

पुढचे टोक वर केले की स्वार मागे ढकलला जातो आणि हाडांवर भार येतो, पण पुढचा दाब वाढू शकतो. टोक खाली केले की पुढे मोकळे वाटते, पण स्वार घसरतो आणि सावरण्यात हात-पाय थकतात. कोन एकावेळी एखाद-दोन अंशच बदलावा. साध्या दांड्यावर कोन बदलत नाही. तिथे बोल्टखाली वायसर घालून काम भागवतात.

क्रँक आखूड केले की पायांचे वर्तुळ लहान होते आणि मांड्यांची हालचाल घटते. ३६ इंची चाकावर सुरुवातीला १५० मिलिमीटरचे क्रँक चालतात. सरावलेले स्वार सपाट रस्त्यासाठी १२५ किंवा त्याहून आखूड घेतात. त्या बदल्यात चढावर आणि वेग आवरताना जोर अधिक लागतो.

कपडे आणि कातडी

पॅड असलेली सायकलिंगची चड्डी सीटचाच भाग मानावी. तिच्या आत दुसरी चड्डी घालू नये. तिची शिवण व ओल हीच सोलवटण्याची कारणे होतात. पॅड पातळ व सलग असावा. घर्षणाच्या जागी मलम लावले की फायदा होतो. फेरी संपताच कपडे बदलून अंग धुवावे. पुळ्या आल्या तर त्या बऱ्या होईपर्यंत सीटवर बसू नये.

पारख कशी करावी

सीट दुकानातल्या दोन मिनिटांत कळत नाही. किमान तासभराच्या, त्याच कपड्यांतल्या आणि त्याच रस्त्यावरच्या फेरीनंतरच मत बनवावे. एकावेळी एकच गोष्ट बदलावी: आधी उंची, मग कोन, मग हँडल, आणि हे सारे करूनही दुखणे राहिले तरच सीट. अनेकदा नवी सीट विकत घेण्याआधीच प्रश्न सुटतो. चालवताना दर काही मिनिटांनी पाच-दहा फेरे पेडलवर उभे राहून मारावेत आणि तासाभराने उतरून थोडे चालावे. उत्तम सीटवरही याची गरज पडते. जुळणी मनासारखी झाली की दांड्यावर चिकटपट्टीने उंचीची खूण करावी आणि कोन मोजून लिहून ठेवावा, म्हणजे प्रवासासाठी सीट सोडवली तरी ती पुन्हा नेमकी तशीच बसवता येते.