निद्रिस्त कॉर्टिसोन

ज्या औषधाने १९४९ साली जगभरच्या वर्तमानपत्रांचे मथळे भरले आणि ज्याच्या शोधकर्त्यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं, ते औषध स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. कॉर्टिसोन शरीरात जातं, यकृतात पोचतं, तिथलं एक विकर त्याच्या रेणूत किरकोळ वाटावा असा फेरफार करतं आणि त्याचं कॉर्टिसॉल होतं. सांध्यांची सूज उतरवतं ते हे कॉर्टिसॉल. कॉर्टिसोन म्हणजे त्याचंच झोपलेलं रूप. हा तपशील रसायनशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत उरकला जातो. पण स्टिरॉइड औषधांचा चांगुलपणा आणि त्यांचे उपद्रव, दोन्ही समजून घ्यायचे तर मला याच ओळीपासून सुरुवात करावीशी वाटते.

आधी कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथींबद्दल थोडं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या दोन अधिवृक्क ग्रंथींचं वजन प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली एक पुस्तिका काढली. खंगत जाणारे, सतत गळून गेलेले, कातडी काळवंडलेले अकरा रुग्ण त्यात होते आणि शवविच्छेदनात त्यांच्या या ग्रंथी बिघडलेल्या सापडल्या होत्या. अनेकांच्या ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. (आपल्याकडे आजही अ‍ॅडिसनचा रुग्ण दिसला की डॉक्टर क्षयाची शंका घेतातच.) ग्रंथीचा गाभा अ‍ॅड्रिनलिन करतो. त्याच्यावाचून माणूस जगू शकतो. बाहेरच्या सालीवाचून मात्र नाही. सालीतून कॉर्टिसॉल येतं, आणि मिठाचा हिशेब ठेवणारं अल्डोस्टेरॉनही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच संधिवाताचे रुग्ण पाहत. १९२९ मध्ये एका रुग्णाने त्यांना सांगितलं, की कावीळ झाली तशी सांधेदुखी पळाली. हा रुग्ण स्वतः डॉक्टर होता. पुढे गरोदर बायकांमध्येही तोच अनुभव आला. शरीर स्वतःच कुठलं तरी औषध बनवत असणार, अशी हेंच यांची खात्री झाली. त्याच संस्थेत एडवर्ड केंडल गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींमधून एकेक रसायन वेगळं करून त्यांना अ, ब, क, ड अशी सरळसोट नावं देत होते. स्वित्झर्लंडमध्ये टाडेयुश राइखश्टाइन हेच काम स्वतंत्रपणे करत होते. केंडल यांचं ‘संयुग ई’, म्हणजे आपलं कॉर्टिसोनच, संधिवातावर वापरून पाहावं, असं १९४१ मध्येच ठरलं, पण वापरायला ते होतंच कुठे! हजारो जनावरांच्या ग्रंथी आटवल्या तरी हाती येई चिमूटभर.

अडचण सुटली ती एका अफवेमुळे. जर्मन वैमानिकांना अधिवृक्क ग्रंथींचा अर्क देतात आणि ते त्यामुळे अफाट उंचीवर विमानं नेतात, अशी आवई महायुद्धाच्या काळात उठली. अमेरिकी सरकारने तातडीने या संप्रेरकांच्या संशोधनाला जोर लावला. मर्क कंपनीच्या लुईस सॅरेट या तरुण रसायनतज्ज्ञाने १९४४च्या डिसेंबरात बैलाच्या पित्तापासून, तीसहून अधिक पायऱ्या चढत, संयुग ई तयार केलं. २१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या एका अंथरुणाला खिळलेल्या बाईला त्याचं पहिलं इंजेक्शन मिळालं. रोज १०० मिलिग्रॅम. दोन-तीन दिवसांत तिचे सांधे मोकळे झाले आणि आठवडाभरात ती खरेदीला बाहेर पडली.

शरीर रोज सुमारे १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतं, तेही पहाटे भरपूर आणि मध्यरात्री नाममात्र. त्यापुढे १०० हा आकडा केवढा! चेहरे वाटोळे होणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, जंतुसंसर्ग बळावणं हे सगळं लवकरच दिसू लागलं. हा वाटोळा चेहरा वैद्यकाला नवा नव्हता. शरीरात कॉर्टिसॉलचा पूर आला की काय होतं, याचं वर्णन हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्येच करून ठेवलं होतं.

त्याहून मोठा धोकाही आधीच ठाऊक होता, याचं मला नवल वाटतं. केंडल आणि त्यांचे सहकारी ड्वाइट इंगल यांनी १९३७ मध्ये उंदरांना सालीचा अर्क भरपूर दिला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या ग्रंथी सुकून गेल्या. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं दिसलं की मेंदूतळाची पियूषिका ग्रंथी हुकूम पाठवणं थांबवते आणि बिनकामाची ग्रंथी आक्रसते. तरीही १९५२ साली एक तरुण रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात यावी लागली, तेव्हा कुठे डॉक्टर सावध झाले. त्याने कित्येक महिने कॉर्टिसोन घेतलं होतं आणि संकटसमयी त्याच्या ग्रंथींना उठताच आलं नाही. पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी अशांना जादा स्टिरॉइड द्यायची पद्धत पडली. १९५५ मध्ये अ‍ॅडिसनच्या एका ३७ वर्षांच्या रुग्णाची अशीच निभावलेली शस्त्रक्रिया छापून आली. नाव दिलं नव्हतं. तो रुग्ण म्हणजे जॉन केनेडी. पाच वर्षांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवताना त्यांच्या गोटाने हा आजार नाकारला, तो भाग वेगळा.

आता परत त्या झोपलेल्या रेणूकडे. मूत्रपिंडातली मीठ धरून ठेवणारी ग्राही प्रथिनं अल्डोस्टेरॉनची म्हणून ओळखली जातात. गंमत अशी, की ती कॉर्टिसॉललाही तितक्याच प्रेमाने चिकटतात, आणि रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी पटींनी जास्त असतं. मग मूत्रपिंड दिवसरात्र मीठ का साठवत नाही? १९८८ मध्ये मेलबर्न आणि एडिंबर्गच्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं. मूत्रपिंडाच्या पेशीत एक दरवान विकर असतं. ते येणाऱ्या प्रत्येक कॉर्टिसॉलला झोपवतं, म्हणजे त्याचं कॉर्टिसोन करतं. यकृत जे जागं करतं, ते मूत्रपिंड झोपवतं.

हा दरवान ज्येष्ठमधाला फितूर होतो. ज्येष्ठमधातलं गोड द्रव्य त्याचं काम बंद पाडतं, कॉर्टिसॉल आत घुसतं, पाणी-मीठ साठतं, पोटॅशियम घसरतं, रक्तदाब चढतो. नेदरलँड्समध्ये १९४०च्या दशकात जठराच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देताना रुग्णांच्या अंगावर सूज आलेली दिसली होती. घसा बसला म्हणून एखादी कांडी चघळल्याने काही बिघडत नाही. पण रक्तदाबाच्या माणसाने ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणत रोज चमचाभर चूर्ण घेणं वेगळं.

असाच दरवान वारेतही आहे. आईचं कॉर्टिसॉल बाळापर्यंत फारसं पोचू नये, याची तो काळजी घेतो. गरोदर बाईला संधिवातासाठी प्रेडनिसोलोन हे कृत्रिम स्टिरॉइड दिलं तर त्याचाही बराचसा भाग तो निकामी करतो आणि बाळाला झळ कमी लागते. कधी औषध बाळालाच हवं असतं. ऑकलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना १९६९ मध्ये मेंढ्यांवर प्रयोग करताना दिसलं, की स्टिरॉइड मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या कोकरांची फुप्फुसं अपेक्षेपेक्षा लवकर तयार होतात. १९७२ मध्ये रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलं बीटामेथासोन. याच्या आणि याच्याच जातीच्या डेक्सामेथासोनच्या रेणूत फ्लोरिन बसवलेला असतो आणि दरवानाला त्यांच्यावर नीट हात चालवता येत नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले.

म्हणजे औषधकंपन्यांनी मूळ संप्रेरकात सुधारणा केल्या त्या बऱ्याचशा पहारे चुकवण्याच्या. २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलचं काम ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन करतं, आणि डेक्सामेथासोन पाऊण मिलिग्रॅमच पुरतं. मीठ साठवण्याचा दोष गेला, ताकद वाढली, मुक्काम लांबला. पण हाड, साखर आणि प्रतिकारशक्ती यांवरचा परिणाम काही गेला नाही, कारण सूज उतरवणारं ग्राही प्रथिन आणि हाड झिजवणारं ग्राही प्रथिन एकच. ते पेशीकेंद्रात शिरून जनुकांचं काम बदलतं. म्हणूनच परिणामाला काही तास लागतात आणि म्हणूनच तो इतका सर्वदूर असतो.

कोविडमध्ये दोन्ही बाजू वर्षभरात दिसल्या. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीच फायदा नव्हता. हे दुसरं वाक्य आपल्याकडे फारसं कुणी वाचलं नाही. घरी बसलेल्या, साध्या तापाच्या लोकांनाही गोळ्या सुरू झाल्या. मधुमेह, वर स्टिरॉइड, वर वाढलेली साखर. २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे सर्वाधिक रुग्ण सापडलेल्या राज्यांत गुजरात आणि महाराष्ट्र होते.

त्वचेचा प्रकार याहून साधा आणि याहून लाजिरवाणा. कॉर्टिसोनचं मलम चालत नाही, कारण कातडी त्याला पुरेसं जागं करत नाही. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी जागं रूपच, म्हणजे कॉर्टिसॉल ऊर्फ हायड्रोकॉर्टिसोन, लावून पाहिलं आणि इसब आटोक्यात आला. पुढे क्लोबेटासोलसारखी कितीतरी पटींनी जहाल मलमं आली. आपल्याकडे ती गजकर्णाच्या तिहेरी मलमात आणि गोरं करणाऱ्या क्रीममध्ये शिरली. खाज दोन दिवसांत थांबते, कारण बुरशीशी भांडणारी प्रतिकारशक्तीच गप्प केलेली असते. बुरशी मात्र पसरत राहते. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम सोडलं की आग आग होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. मेडिकलच्या काउंटरवर नुसतं नाव घेऊन पाहा, बंदी किती पाळली जाते ते कळेल.

आणि हेच क्रीम मुलीच्या गालाला लावणारी आई मुलाच्या दम्याच्या पंपाला मात्र घाबरते, ‘स्टिरॉइड आहे ना त्यात’ म्हणून. पंपातल्या ब्युडेसोनाइडचा एक झोत साधारण २०० मायक्रोग्रॅमचा असतो, तर प्रेडनिसोलोनची छोटी गोळी ५००० मायक्रोग्रॅमची. शिवाय गिळलं गेलेलं ब्युडेसोनाइड यकृत पहिल्याच फेरीत बहुतांशी नष्ट करतं. इथे रसायनतज्ज्ञांनी पहारा चुकवला नाही, उलट यकृताच्या पहाऱ्यावर भरवसा ठेवून औषध घडवलं. तोंडात उरलेल्या औषधाने जिभेवर पांढरी बुरशी येऊ शकते. त्यासाठी पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची आणि ते पाणी थुंकायचं.