नागाचा डोल आणि मज्जासंस्था

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांच्या पूजेसाठी देशभर ओळखली जाई. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे नाग पकडून मिरवण्यावर बंधने आली. नाग पुंगीवर डोलतो, दूध पितो, डूख धरतो या समजुती मात्र टिकून आहेत. यांतल्या डोलण्याचा आणि डूख धरण्याचा उलगडा त्याच्या मज्जासंस्थेत होतो.

नागाला बाह्यकर्ण नसतो आणि कानाचा पडदाही नसतो. जमिनीतली कंपने जबड्याच्या हाडांतून अंतर्कर्णापर्यंत पोचतात. हवेतला खर्जातला आवाज त्याला थोडाफार जाणवतो. पण तो डोलतो तो सुरांवर नव्हे. गारुडी पुंगी डावी-उजवीकडे फिरवतो, गुडघा हलवतो. हलणारी वस्तू दिसली की डोळ्यांकडून मध्यमेंदूला संदेश जातो आणि नाग तोंड तिच्याकडेच ठेवतो. धोका जाणवला की मज्जातंतू मानेच्या स्नायूंना आज्ञा देतात, तिथल्या लांब बरगड्या पसरतात आणि फणा उभा राहतो. हा सारा बचावाचा पवित्रा असतो.

दूध हा नागाचा आहार नाही. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला नाग तहानेपोटी समोर येईल ते पितो.

डूख धरायला माणूस ओळखणे, प्रसंग लक्षात ठेवणे आणि सूडाचा बेत आखणे आवश्यक असते. सस्तन प्राण्यांतला सहा थरांचा मेंदूचा बाह्यभाग सापात नसतो. जागा आणि वास तो शिकतो, पण सूड घेतल्याचा पुरावा नाही. दुभंगलेल्या जिभेने तो गंधकण टिपतो आणि टाळूतील इंद्रियाकडे पोचवतो. मारलेल्या मादीच्या गंधाच्या मागावर नर तिथे येऊ शकतो. लोकांना तो बदला वाटतो.

नागाचे विष माणसाच्या मज्जासंस्थेवरच घाला घालते. स्नायूला हालचालीचा निरोप देण्यासाठी मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन सुटते आणि स्नायूवरच्या ग्राहींना जोडले जाते. विषातील प्रथिने या ग्राहींवर आधीच ठाण मांडतात. कुलपात दुसरीच किल्ली अडकावी तसा मार्ग बंद होतो. आधी पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही. शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. मण्यार या दुसऱ्या विषारी सापाचे विष मज्जातंतूच्या टोकावरही आघात करते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो आणि फारसा दुखत नाही, म्हणून तो लक्षातच येत नाही.

शिराळा, कराड, पाटण भागातल्या भातखाचरांत आणि उसाच्या फडांत उंदरांमागे नाग येतो. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळूही नये. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. प्रतिविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास हे मुख्य उपचार आहेत. मांत्रिकाकडे गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेततो.