घर-जमिनीचा वारसा : लेखांक ६
खडोलीत मृत्युपत्राआधी पाहायचे कागद

सिल्वासाहून खानवेलकडे जाताना लागणाऱ्या खडोलीत एकाच कुटुंबाकडे चार तऱ्हेची मालमत्ता असू शकते : आजोबांपासून चालत आलेली शेती, सरकारी वाटपातून मिळालेला तुकडा, वनहक्काचा पट्टा आणि कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने देण्यासाठी बांधलेली चाळ. या चारही मालमत्तांचा वारसा एकाच नियमाने चालत नाही. म्हणून ‘माझी सर्व स्थावर मालमत्ता मुलांना समान’ एवढ्या एका ओळीचे मृत्युपत्र येथे बहुधा अपुरे पडते.

पहिला प्रश्न जमीन कोणत्या हक्काची आहे, हा. दादरा व नगर हवेलीत पोर्तुगीज अमलात ‘अल्वारा’ नावाच्या सनदांनी जमिनी लागवडीला दिल्या जात. तो अंमल १९५४ मध्ये उठला, १९६१ मध्ये प्रदेश भारतात विलीन झाला आणि १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने अल्वारा व तेरें हे जुने हक्क संपवले. ज्यांच्या घरी जमीन या बदलांतून किंवा नंतरच्या वाटपातून आली, त्यांनी मूळ हुकूम आणि त्यातल्या अटी आधी वाचाव्यात. हस्तांतरासाठी परवानगीची अट असेल, तर ती वारसांनाही बांधते. नोंद अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर आजोबांपासूनची वारस नोंद आधी करून घ्यावी लागते. नाहीतर नातू जे लिहून ठेवील त्याला आधार उरत नाही.

दुसरा प्रश्न वारसा कायद्याचा, आणि गल्लत होते ती इथेच. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा १९६३ च्या विनियमाने या प्रदेशाला लागू झाला. त्यानुसार मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे हिस्से मिळतात. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार झाली. परंतु याच कायद्याचे कलम २(२) अनुसूचित जमातींना त्यातून वगळते. केंद्र सरकारने अधिसूचना काढली तरच तो त्यांना लागू होतो. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा अशा येथील जमातींची वाटणी म्हणूनच रिवाजाने होते. शहरातल्या वकिलाने छापील मसुद्यावर लिहून दिलेले मृत्युपत्र हा फरक पुष्कळदा विचारातच घेत नाही.

रिवाज म्हणजे काय, हे मात्र कोर्टात सिद्ध करावे लागते : तो जुना, निश्चित आणि सातत्याने पाळलेला असला पाहिजे. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले, की मुलीला वगळणारा रिवाज सिद्ध झाला नसेल, तर केवळ ती स्त्री आहे म्हणून तिच्या वारसांना वाटा नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हिमाचल प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की हिंदू वारसा कायदा जमातींवर न्यायालयाच्या आदेशाने लादता येत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले, की खडोलीतल्या आईवडिलांपुढचा मार्ग दिसतो. मुलीला जमीन द्यायची असेल, तर ते कोर्टावर सोपवू नये; हयातीतच लिहून ठेवावे.

काय लिहिता येते, त्यालाही मर्यादा आहेत. स्वतःच्या कमाईचे घर किंवा चाळ मृत्युपत्राने देणे सोपे. सामायिक वडिलोपार्जित जमिनीतला न वाटलेला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० मध्ये आहे. पण कायदाच लागू नसल्याने आदिवासी कुटुंबाला तिचा आधार आपोआप मिळत नाही. अशा जमिनीची आधी सर्व हिस्सेदारांनी नोंदणीकृत वाटणी करावी आणि मग प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचे मृत्युपत्र करावे, हा क्रम सुरक्षित.

वनहक्काच्या पट्ट्याची गोष्ट निराळी. २००६ च्या कायद्याप्रमाणे हा हक्क वारसाने उतरतो, पण विकता वा बक्षीस देता येत नाही. विवाहिताच्या बाबतीत तो पतीपत्नीच्या संयुक्त नावाने नोंदला जातो आणि सरळ वारस नसेल, तर जवळच्या नातलगाकडे जातो. असा पट्टा पुतण्याच्या नावे ‘करून देणारा’ स्टँपपेपर हा निव्वळ कागद.

सर्वांत कटू भांडणे चाळींवरून होतात. जमीन सगळ्या भावांची, बांधकाम एकाच्या कर्जातून आणि भाडे गोळा करणारा तिसराच! बांधकामाचा खर्च कोणी केला, कर्ज कोणी फेडले, भाडे कोणाचे आणि घरपट्टी कोणाच्या नावे, हे वाटणीपत्रात लिहिले नाही, तर वीस वर्षांनी ते सिद्ध करणे जवळजवळ अशक्य. केवळ घरपट्टीची पावती मालकी देत नाही.

मृत्युपत्राला स्टँप ड्यूटी नसते आणि नोंदणीही सक्तीची नाही. तरी वाद होण्याची शक्यता असेल, तर ती करून घेणे शहाणपणाचे. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेतच. साक्षीदार लाभार्थी नसावेत आणि शक्यतो करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत, म्हणजे पुढे कोर्टात उभे राहायला ते असतील. बक्षीसपत्र मात्र नोंदवावेच लागते आणि एकदा दिलेले सहसा परत घेता येत नाही. घर मुलाच्या नावे करताना ‘आईवडिलांचा सांभाळ करील’ ही अट दस्तात घातली, तर ती मोडल्यावर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली व्यवहार रद्द करून घेता येतो. तोंडी वचनावर असा दावा टिकवणे कठीण.

कुटुंबाची जमीन सीमेपलीकडे तलासरी किंवा डहाणूत असेल, तर तिची यादी वेगळी करावी. तेथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागते आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे देण्यावर तिच्या कलम ३६अ चे निर्बंध आहेत. मुंबईकडच्या गृहनिर्माण संस्थेत सदनिका असल्यास नामनिर्देशन जरूर करावे. पण नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरेपर्यंतची सांभाळकर्ती असते, मालक नव्हे. फेरफार नोंदीचेही तसेच : ती सारा कोणी भरायचा ते ठरवते, मालकी ठरवत नाही.