चिंचेचा कोळ: पाकिटाची पाठ वाचताना

आमच्याकडे एकदा चिंचगुळाची आमटी फसली. डाळ नेहमीची, गूळ नेहमीचा. फरक एवढाच, की घरची चिंच संपली होती म्हणून बाटली आणली आणि कोळाच्या सवयीने दोन चमचे घातले. आमटी काळपट झाली, पहिल्याच घासाला दात आंबले. गूळ वाढवला, पाणी वाढवलं. चौघांची आमटी आठजणांची झाली, तरी आंबटपणा हटेना. चूक बाटलीची नव्हती. ती न वाचता उघडली, ही चूक होती.

गैरसमज: गर, पेस्ट, कॉन्सन्ट्रेट ही एकाच वस्तूची नावं.
वस्तुस्थिती: लिंबाएवढा गोळा कोमट पाण्यात भिजवून पिळला की निघतो तो कोळ पातळ असतो. गर आणि पेस्ट त्याहून दाट. कॉन्सन्ट्रेट म्हणजे कोळातलं पाणी आटवून उरलेला काकवीसारखा अर्क. परदेशातल्या दुकानांत पातळसर थाई गराची बाटली आणि काळ्या भारतीय कॉन्सन्ट्रेटची डबी शेजारी असतात. एकीचं माप दुसरीला लावलं की पदार्थ बिघडलाच. चौघांच्या आमटीला कॉन्सन्ट्रेट अर्धा छोटा चमचा, तोही पाण्यात कालवून घालावा आणि चाखत वाढवावा.

गैरसमज: काळा गर म्हणजे खराब, नाहीतर रंग घातलेला.
वस्तुस्थिती: फाल्गुन-चैत्रात फोडलेली नवी चिंच तांबूस असते. मीठ लावून बरणीत भरलेली तीच चिंच वर्षभरात आपोआप काळी पडते. कॉन्सन्ट्रेट आटवतानाही उष्णतेने रंग गडद होतो. तेव्हा नुसत्या रंगावरून पारख करू नये. बुरशी, फसफस, फुगलेलं झाकण किंवा दारूसारखा वास आला, तर मात्र विचार न करता टाकून द्यावं.

गैरसमज: पाकिटात चिंच आणि फक्त चिंचच.
वस्तुस्थिती: आपल्याकडे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. यादीत पाणी पहिलं आणि चिंच दुसरी असेल, तर आपण पाण्याला जास्त पैसे मोजतोय. मीठही असतं, म्हणून आमटीला मीठ शेवटी, चव बघून. यादीत आकडेही दिसतात: ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. चिंचेची स्वतःची आंबटाई मुख्यतः टार्टरिक आम्लाची, त्यामुळे ३३० दिसलं की सगळी आंबटाई चिंचेची नाही हे समजावं. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट. आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. हे ठरवून दिलेल्या मर्यादेत चालणारं संरक्षक आहे आणि ते आंबट पदार्थांतच नीट काम करतं.

गैरसमज: चिंच आंबट, म्हणजे बाटली ओट्यावर ठेवली तरी टिकते.
वस्तुस्थिती: आम्लामुळे बरेचसे जिवाणू दूर राहतात, पण बुरशी आंबटालाही जुमानत नाही. सुकी, मीठ लावलेली चिंच बरणीत टिकते, कारण तिच्यात पाणी कमी. गरात पाणी आहे. उघडल्यावर तो फ्रिजमध्ये ठेवावा आणि चमचा कोरडाच घालावा. वर बुरशी दिसली तर तेवढीच खरवडून बाकीचा गर वापरू नये. उरलेला कोळ पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यातही ठेवू नये. ज्या आम्लाने देवाची समई लखलखीत निघते, तेच आम्ल भांड्याचा धातू कोळात उतरवतं.

गैरसमज: डाळीबरोबरच चिंच घातली की चव मुरते.
वस्तुस्थिती: मुरते ती फक्त आपली वाट पाहण्याची हौस. आंबटात डाळीचे आणि बटाट्याचे कण मऊ व्हायला वेळ घेतात. कुकरच्या शिट्ट्या वाढतात, डाळ टचटचीतच राहते. आधी डाळ शिजवावी, घोटावी, मग कोळ घालून उकळी आणावी. भेंडीची गोष्ट उलटी: तिथे आंबट लवकर घातलं तर चिकटपणा कमी होतो.

गैरसमज: 'सीडलेस' गोळ्यात चिंचोका नसतोच.
वस्तुस्थिती: एखादा चिंचोका, टरफलाचा तुकडा किंवा शीर हमखास निघते. गोळा सरळ मिक्सरमध्ये टाकू नये. भिजवून, पिळून, गाळूनच घ्यावा.

आणि घरची चिंच तरी कुठे एका मापाची असते? झाडागणिक तिची चव बदलते. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय सगळी चिंच सारखीच म्हणून? घरी पिळताना बोटांना दाटपणा कळायचा आणि एक बोट जिभेला लागायचं. बाटलीने पिळायचं काम वाचवलं. बोट जिभेला लावायचं काम अजून आपल्याचकडे आहे.