काम चांगलं आहे, पण फोन कुणाचा येणार?

आमच्या पॉडकास्टचा एक सुरुवातीचा भाग आम्ही कॉव्हेंट्रीतल्या माझ्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला. पाहुण्या छान बोलल्या. पण ऐकायला बसलो, तर सगळ्यात स्पष्ट आवाज फ्रिजचा! ओळखीच्या ओळखीतून एक मुलगा मिळाला, ऑडिओमध्ये मास्टर्स केलेला, ग्रॅज्युएट व्हिसावरचा. त्यानं दोन दिवसांत फ्रिज गायब केला. मी विचारलं, "किती द्यायचे?" तर म्हणाला, "राहू द्या हो ताई, आपल्यात कसले पैसे?"

हा लेख त्या उत्तरामुळे लिहितेय. मुलगा कामात पक्का आहे, पण व्हिसाचे महिने मोजके आणि घरभाडं दर महिन्याला ठरलेलं. फ्रीलान्स ऑडिओचं काम शिकवणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक कसं जोडायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. मी इंजिनिअर नाही, गिऱ्हाईक आहे. तेव्हा टेबलाच्या या बाजूनं सांगते.

लांबची ओळख जास्त कामाची

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध लिहिला. बोस्टनजवळ नुकतीच नोकरी बदललेल्या आणि ती ओळखीतून मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ही ओळख किती जवळची होती? नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून नोकरी कळली, असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले सुमारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून सुमारे २८ टक्के. कारण साधं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी लांबून येते.

याचा अर्थ काय? तुमच्यासारखेच दहा साउंडवाले मित्र असतील तर दहाही जण कामच शोधत असणार. काम असतं ते पीएचडी करता करता पॉडकास्ट काढणाऱ्या मुलीकडे, चर्चच्या गायनवृंदाकडे, मंडळाच्या गणपतीत नाटक बसवणाऱ्या काकांकडे. कॉव्हेंट्रीत दोन विद्यापीठं आहेत, बेलग्रेड थिएटर आहे. अशा प्रत्येक जगात एक तरी ओळख हवी.

कामच बोलतं, पण ऐकू आलं तर

याच शहराचं उदाहरण घ्या. जेरी डॅमर्स यांनी १९७९ साली कॉव्हेंट्रीत टू-टोन हे लेबल सुरू केलं. त्यांच्या 'द स्पेशल्स' या बँडचं 'घोस्ट टाउन' १९८१च्या जुलैमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. ते लंडनच्या बड्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं नाही. शेजारच्या लेमिंग्टनमध्ये जॉन रिव्हर्स यांचा घरगुती, आठ ट्रॅकचा स्टुडिओ होता, तिथे झालं. निर्माता म्हणून डॅमर्सनी बोलावलं जॉन कॉलिन्स यांना, आणि तेही काही मोठं नाव नव्हतं. कॉलिन्स यांनी केलेली एक रेगे रेकॉर्ड डॅमर्सच्या कानावर पडली होती, ती आवडली आणि त्यांनी फोन केला.

कॉलिन्सकडे महागडी साधनं नव्हती, पण पूर्ण झालेलं आणि लोकांपर्यंत पोचलेलं एक काम होतं. म्हणून हार्ड डिस्कवरचे चाळीस अर्धवट प्रोजेक्ट विसरा. पूर्ण झालेल्या एकाच कामाचे, गिऱ्हाइकाला विचारून, तीस-तीस सेकंदांचे दोन तुकडे ठेवा, आधीचा आणि नंतरचा. मला 'उणे १६ लफ्स'वर काही कळत नाही. 'बसमध्ये ऐकताना सारखा आवाज वाढवावा लागणार नाही' म्हटलं की लगेच कळतं.

काम पोचवताना एक प्रश्न जरूर विचारा, "अशी अडचण असलेलं आणखी कुणी ओळखीचं आहे का?" गिऱ्हाईक खूश असतं ते त्याच दिवशी. महिन्यानं ते फ्रिजही विसरतं आणि तुम्हालाही.

'आपल्यात' आणि पैसे

आता अवघड भाग. मंडळाचा कार्यक्रम फुकट करू नका असं मी म्हणणार नाही. परक्या गावात पहिली माणसं तीच देतात. पण फुकट करायचं तर तेही ठरवून करा. बिल बनवा, पूर्ण रक्कम लिहा, खाली 'मंडळासाठी सवलत १०० टक्के' लिहा. समोरच्याला किंमत कळते, आणि पुढच्या वेळी बोलणं शून्यापासून सुरू होत नाही.

बाकी कामांत आधी लिहून घ्या. किती मिनिटांचा ऑडिओ, किती वेळा दुरुस्ती, पैसे कधी. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे आगाऊ मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विद्यापीठाचं काम असेल तर परचेस ऑर्डर हातात आल्याशिवाय सुरू करू नका. आणि हे माहीत असू द्या: १९९८च्या कायद्यानुसार कंपनीनं किंवा सरकारी संस्थेनं पैसे उशिरा दिले, तर बँक ऑफ इंग्लंडच्या दरावर ८ टक्के व्याज मागता येतं. तारीख ठरली नसेल तर ३० दिवसांची मुदत धरतात.

व्हिसाचं सगळ्यात महत्त्वाचं. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, एक छोटं फ्रीलान्स बिलसुद्धा नाही. ग्रॅज्युएट व्हिसावर चालतं. करवर्षात अशी कमाई १,००० पाउंडांच्या वर गेली, तर वर्ष ५ एप्रिलला संपल्यानंतर येणाऱ्या ५ ऑक्टोबरपर्यंत करखात्याकडे नोंदणी करा. नियम बदलतात, सरकारी संकेतस्थळ एकदा स्वतः बघाच.

त्या मुलाला मी शेवटी म्हटलं, "बिल पाठव, नाहीतर पुढचा भाग तुला देणार नाही." बिल आलं, फारच कमी रकमेचं. मी फोन करून वाढवायला लावलं. मग आमच्या विभागातल्या दोघींना त्याचं नाव दिलं, आणि सोबत दरही सांगितला.